चेकलिस्ट म्हणजे नुसते कागद रंगवणं?

रुग्णालयातल्या चेकलिस्टमुळे सिस्टरांचं काम वाढतं, पेशंटला फायदा शून्य, असं काही जण म्हणतात. पटलं नाही बुवा. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची शस्त्रक्रियेची यादी जेमतेम १९ मुद्द्यांची. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी मोठ्याने विचारायची, एवढंच. दिल्लीसह आठ शहरांतल्या चाचणीत मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं.

आपल्या नाशकात एप्रिल २०२१ मध्ये झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली, वीसहून जास्त माणसं गेली. गळती झाली तर व्हॉल्व्ह कुणी बंद करायचा, राखीव सिलिंडर कुठे, हे प्रत्येक रुग्णालयात भिंतीवर लिहिलेलं हवं. आणि दर महिन्याला तालीमही.

आईच्या मोतीबिंदूच्या वेळी सिस्टरने तिसऱ्यांदा "आजी, कोणता डोळा?" विचारलं, तेव्हा आई वैतागली होती. मला मात्र हायसं वाटलं.