अनुभव धागा: संस्थेचं लाइव्ह प्रक्षेपण आणि हितचिंतक

देणगीदार, स्वयंसेवक आणि हितचिंतक यांना लाइव्ह व्हिडिओतून जोडून घेणाऱ्यांसाठी हा धागा आहे. 'कार्यक्रम छान झाला' एवढ्यावर थांबू नका. सेटिंग, आकडे, हटकून होणाऱ्या चुका लिहा. शिवाय एक प्रश्न: हेच आधी रेकॉर्ड करून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

तांत्रिक बाजू सांभाळणारे

लोक अंधुक चित्र चालवून घेतात, खरखरता आवाज नाही. म्हणून पैसे आधी माइकवर घाला, उरले तर कॅमेऱ्यावर. कॉलर माइक हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर लावा. ओढणी किंवा माळ त्यावर घासली की सगळं वाया. ओबीएसमध्ये (लाइव्ह प्रक्षेपणाचं मोफत सॉफ्टवेअर) बोलण्याचा आवाज मीटरच्या पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या दरम्यान खेळता ठेवा. सतत लाल भागात गेला तर फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून दुरुस्त होत नाही.

कॅप्चर कार्डमधून (कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेणारं उपकरण) येणारं चित्र बहुतेक वेळा आवाजापेक्षा मागे पडतं. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि आवाज आल्यावर किती फ्रेमनंतर (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र) तळवे जुळतात ते मोजा. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. चार फ्रेमचा फरक असेल तर आवाजाला सुमारे १३३ मिलिसेकंदांचा सिंक ऑफसेट द्या, म्हणजे आवाज तेवढा उशिरा सोडा.

बहुतेक संस्थांना ७२०पी रिझोल्यूशन (चित्राचा बारकावा) पुरतं. ३० फ्रेम, ३००० केबीपीएस स्थिर बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा), कीफ्रेम (पूर्ण साठवलेलं चित्र) दर २ सेकंदांनी, आवाज १२८ केबीपीएस. तासाला साधारण १.४ जीबी डेटा जातो. अपलोडचा वेग बिटरेटच्या निदान दुप्पट, म्हणजे ६ एमबीपीएस हवा. तो त्याच जागी आणि त्याच वेळेला तपासा. रिकाम्या सभागृहातला सकाळचा आकडा संध्याकाळी दोनशे फोन आत आल्यावर टिकत नाही. शक्य असेल तिथे इथरनेट केबल.

अडखळलं की लगेच इंटरनेटला दोष देऊ नका. ओबीएसमध्ये 'ड्रॉप्ड फ्रेम्स' (वाटेत गळालेली चित्रं) वाढत असतील तर गडबड नेटवर्कची, बिटरेट उतरवा. 'एन्कोडिंग लॅग' (व्हिडिओ पाठवण्याजोगा करायला होणारा उशीर) वाढत असेल तर संगणक दमलाय. ब्राउझर बंद करा, रिझोल्यूशन कमी करा.

फोनवरूनच लाइव्ह करणारे

फोन आडवा की उभा हे सुरू करण्याआधी ठरवा. एअरप्लेन मोड लावून फक्त वाय-फाय चालू ठेवा, नाहीतर मध्येच कॉल येतो आणि प्रक्षेपण थांबतं. उन्हात फोन तापून बंद पडतो, म्हणून सावली पाहा. यूट्यूबवर लाइव्हची सोय पहिल्यांदा चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात आणि मोबाइल अ‍ॅपवरून लाइव्ह जायला चॅनलचे किमान ५० सदस्य (सबस्क्रायबर) लागतात. हे ऐन दिवशी कळलं तर इलाज नाही.

सूत्रसंचालन आणि चॅट बघणारे

'आधी रेकॉर्ड केलं असतं तर काय बिघडलं असतं' या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर चॅटमध्ये आहे. प्रेक्षकाने विचारलं आणि समोरच्या माणसाने त्याच क्षणी दिशा बदलली, एवढ्यासाठीच लाइव्ह करायचं. तासभर नुसतं भाषण असेल तर रेकॉर्ड करून टाका, त्यात कमीपणा नाही.

आता उशिराचं गणित. नेहमीच्या लेटन्सीवर (प्रक्षेपण पोचायला लागणारा उशीर) निवेदकाचं वाक्य प्रेक्षकापर्यंत पोचायला पंधरा ते तीस सेकंद जातात, त्यात टाइप करायचा वेळ वेगळा. निवेदक प्रश्न विचारतो, पाच सेकंद थांबतो, 'कोणी काही विचारत नाहीये वाटतं' म्हणतो, आणि प्रश्न येतात तेव्हा विषय पुढे गेलेला असतो. यावर उपाय म्हणजे प्रश्न विचारल्यावर निदान मिनिटभराची माहिती हाताशी ठेवायची आणि मग उत्तरांकडे वळायचं. लेटन्सी अल्ट्रा लो केली तर उशीर काही सेकंदांवर येतो, पण बफर (आगाऊ साठवलेला व्हिडिओ) लहान होतो आणि कमकुवत नेट असलेल्यांचं चित्र अडकतं. सवालजवाबाचाच कार्यक्रम असेल तरच ती वापरा.

किमान तीन माणसं लागतात: बोलणारा, स्विचिंग करणारा (पडद्यावरची दृश्यं बदलणारा), चॅट बघणारा. बोलणाऱ्याने चॅट वाचू नये, त्याची नजर भिरभिरते. निवडलेले प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी धरा. दर दहा मिनिटांनी 'आपण कुठे आहोत, काय चाललंय' हे दोन वाक्यांत सांगा. अर्धे लोक उशिराच येतात.

देणगीचं काम पाहणारे

पडद्यावर क्यूआर कोड टाकून निश्चिंत होऊ नका. जो फोनवर बघतोय तो त्याच फोनने कोड स्कॅन कसा करणार? लिंक पिन केलेल्या कमेंटमध्ये आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत हवीच. लिंक आधी स्वतः उघडून छोटी रक्कम भरून बघा.

देणगीदाराचं नाव वाचून दाखवायचं तर फॉर्मवर तशी परवानगी घ्या. 'गेम्स डन क्विक' ही २०१० पासून चालणारी गेमिंग मॅरेथॉन इथे अभ्यासण्यासारखी आहे. तिथे काही देणग्यांतून पुढच्या खेळाबद्दलचे निर्णय ठरतात, म्हणजे पैसे दिल्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. संस्थांना यातलं तत्त्व घेता येईल: कॅमेरा पुढे स्वयंपाकघरात न्यायचा की वर्गात, यावर मत घ्या. मात्र कोणाला मदत मिळावी यावर मतदान कधीही नको, ते क्रूर होतं.

लाभार्थींसोबत काम करणारे

रेकॉर्डिंगमध्ये चेहरा धूसर करता येतो, लाइव्हमध्ये गेलेलं परत येत नाही. लेखी संमती आदल्या दिवशी, निवांतपणे घ्या. मुलांच्या बाबतीत चेहरा टाळला तरी गणवेश, भिंतीवरचा फलक, खिडकीबाहेरची खूण ओळख पटवतात. निवाऱ्याच्या जागेवरून प्रक्षेपण असेल तर लोकेशन बंद.

संमती देणाऱ्याला मध्येच नको वाटलं तर एक खूण ठरवा, उदाहरणार्थ हात कानाला लावणं. ओबीएसमध्ये संस्थेच्या बोधचिन्हाचं मूक दृश्य तयार ठेवून त्याला हॉटकी (एका दाबाने ते दृश्य आणणारी कळ) द्या. त्या दृश्यात माइकही बंद होतो का, हे तालमीत तपासा. बऱ्याचदा चित्र बदलतं आणि आवाज चालूच राहतो.

संग्रह आणि पाठपुरावा

फेसबुकवरचे लाइव्ह व्हिडिओ आता ३० दिवसांनी काढले जातात, तेव्हा वेळेत उतरवून घ्या. यूट्यूबवर १२ तासांहून लांब प्रक्षेपणाचं जतन होईल याचा भरवसा धरू नका. त्यामुळे संगणकावर समांतर रेकॉर्डिंग चालू ठेवाच. पार्श्वसंगीत दुसऱ्याचं असेल तर मागाहून आवाज मूक होऊ शकतो.

आकडेवारीत एकूण व्ह्यूजपेक्षा एकाच वेळी बघणाऱ्यांचा कमाल आकडा आणि सरासरी पाहण्याचा वेळ बघा. आलेख जिथे कोसळतो त्या मिनिटाला काय चाललं होतं ते रेकॉर्डिंगमध्ये पाहा. बहुधा पाहुण्यांचा सत्कार असतो. चॅटमध्ये उत्तर न मिळालेले प्रश्न वेगळे काढा आणि दोन दिवसांच्या आत एकेकाला उत्तर पाठवा.