मदत हवी आहे : बहिणीला शाळेत चक्कर येते, चांगलं टॉनिक सुचवा

किनारा२२
अर्जंट. बहिणीला या महिन्यात दोनदा प्रार्थनेच्या वेळी चक्कर आली. बाईंनी आईला बोलावून चारचौघांत विचारलं, "हिला जेवायला घालता ना?" आमच्याकडे खायला कमी नाही, रोज मासे असतात. चांगलं टॉनिक सांगा, महाग असलं तरी चालेल. मी मुंबईत असतो, गणपतीशिवाय गावी जाणं होत नाही. 'डॉक्टरांना दाखवा' नको, दाखवलंय.

फणसगरा
दाखवलंत तर काय म्हणाले ते लिहा की. वय? एचबी (हिमोग्लोबिन)?

किनारा२२
नववीत आहे. एचबी ९.१. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्यात. त्यांनी मळमळतं, म्हणून तर टॉनिक विचारतोय.

कोकमसार
नाचणीची आंबील सुरू करा. माझ्या आजीने जन्मात गोळी घेतली नाही, नव्वदाव्या वर्षी विहिरीवरून पाणी आणायची.

फणसगरा
आजी थोर, पण नाचणीचं नाव आहे कॅल्शियमसाठी. या वयाच्या मुलीला १२ हवं, ९.१ म्हणजे बरंच कमी. आंबिलीने तेवढं भरून निघत नाही. पाळीत अंगावर जास्त जातं का?

कोकमसार
तुम्ही औषध कंपनीत आहात का हो? सहज विचारलं.

देवगडी
नाचणीवरून आठवलं, गावठी नाचणी ठाण्यात कुठे मिळेल? मॉलमधली नको.

खडूफळा
माध्यमिक शाळेत शिकवतो म्हणून विचारतो. घरून किती वाजता निघते? डबा नेते का?

किनारा२२
सव्वासहाची एस्टी. चहा-बटर खाऊन जाते, तीनला घरी. डबा नेत नाही. जवळ्याचा वास येतो म्हणून मुली नाक धरतात, असं आई म्हणाली. पाळीचं मी कसं विचारणार?

खडूफळा
तेच वाटलं होतं. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत असते, नववीपासून बंद. वाढ जोरात, पाळी सुरू, आणि नेमकं तेव्हाच दुपारचं जेवण जातं. दरवर्षी जूनमध्ये हेच बघतो. आठवड्याला शाळेत निळी गोळी देतात, ६० मिलिग्रॅम लोहाची. तीही पोरी उपाशीपोटी गिळतात, मळमळलं की पुढच्या वेळी बाकाखाली टाकतात. झाडताना सापडतात. आणि रोज मासे म्हणालात, पण जुलैत कुठले? मासेमारीला बंदी आहे ना?

किनारा२२
सुकटच असते सध्या. बाबा नाखव्याकडे खलाशी आहेत. दोन महिने होडी वर ओढलेली, उचल घेऊन भागवतात. दरवर्षीचंच आहे ते. कृपया आमची ऐपत काढू नका, मी टॉनिक विचारलंय.

दर्यावर्दी
ऐपतीचा काय संबंध? माझी पुतणी बंगल्यात राहते, तिचंही १० आहे. मोबाईल काढून घ्या, सगळं ठीक होतं.

फणसगरा
सरकारी पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला, तेव्हा बंगलेही आलेच त्यात. पण तुमच्या पुतणीला सहाला चहा-बटर आणि थेट तीनला भात, असं नसेल.

मालवणी मेवो
अरे मेल्यांनो, झील ईचारता काय, तुम्ही सांगतास काय! आवशीक सांग, गोळी रातच्या जेवणामागसून दी, वर लिंबू पिळलेला पाणी. च्या नको, निदान दोन तास. शी काळी होता, घाबरा नको. तरी मळमळला तर डागतरांका गोळी बदलूक सांग.

खडूफळा
बरोबर. आणि जंताची गोळी (अल्बेंडाझोल) घेतली का विचारा. पावसात वाडीत अनवाणी फिरलं की अंकुशकृमी तळव्यातून शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. डब्यात मात्र जवळा नको, चपाती-उसळ किंवा शेंगदाण्याची चटणी द्या. महिन्याभराने एचबी परत तपासा.

वाफाळलेला
माझ्या मुलाचं वजन वाढत नाही, वय १६. प्रोटीन पावडर चालेल का?

किनारा२२
आईशी बोललो. गोळी सकाळच्या चहाबरोबर घेत होती. जंताची घेतलीच नाही, त्या दिवशी शाळेत नव्हती. सुकटीखेरीज घरात कांदे-बटाटे आहेत. वाण्याकडे मागची उधारी आहे, म्हणून आई शेंगदाणे आणायला जात नाही. मला हे आज कळतंय. आत्ता गुगल पेवर पाठवले. टॉनिकचं नाव तरी कोणीच दिलं नाही.

देवगडी
नाचणीचं कोणी सांगेल का?