प्रतिसाद: भिंतीवरचा कोश आणि कपड्यांची कसर

भिंतीवरचे राखाडी कोश आणि शालीला भोकं पाडणारी कसर एकच, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. दोन्ही लहान पतंगांच्या अळ्या; दोघी एकाच कुळातल्या, पण निराळ्या. भिंतीवरचा कोश भोपळ्याच्या बीसारखा चपटा, दोन्ही टोकांना उघडा, त्यावर वाळू-धूळ चिकटलेली. अळी कुठल्याही टोकातून डोकं काढते. हिच्या पतंगाचं शास्त्रीय नाव फेरीओएका. मुख्यतः कोळिष्टकं, गळलेले केस आणि मेलेले किडे खाते; क्वचित लोकरही.

कपड्यांच्या कसरीत मुख्य दोन: टिनिया पेलिओनेला आणि टिनिओला. टिनिया पेलिओनेलाची अळीही कोश घेऊन फिरते, पण तो नळीसारखा असतो आणि खाल्लेल्या लोकरीचा रंग घेतो. लाल घोंगडीवर लाल! टिनिओलाची अळी कोश वाहत नाही, कापडावरच रेशमी जाळी विणते. तिचा पतंग सोनेरी, ठिपक्यांविना. पेलिओनेलाचा मळकट तपकिरी, तीन गडद ठिपक्यांचा. ठिपक्यांवर मात्र फार विसंबू नका, पंखांवरचे खवले झडले की ते पुसट होतात. शिवाय उष्ण प्रदेशातली टिनिया ट्रान्सल्युसेन्स पेलिओनेलाशी इतकी सारखी दिसते, की जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्री होत नाही. कीटकशास्त्रज्ञ गेडन रॉबिन्सन यांनी 1979 मध्ये पेलिओनेला आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या जातींच्या गटाची फेरमांडणी केली.

तेव्हा ओळख विचारायला फोटो टाकताना पतंगाबरोबर कोशाचाही टाका, शेजारी मोजपट्टी ठेवून.