दातांच्या डॉक्टरकडे बोटॉक्स: पहिला उपाय म्हणून तरी नको

रेवती_ठाणेकर (धागाकर्ती)

आमच्या भागात एका दंतवैद्याच्या दवाखान्याबाहेर नवा फलक लागलाय: 'रात्री दात खाता? एका इंजेक्शनात आराम, चेहराही बारीक!' दुखणं आणि देखणेपण एकाच पाकिटात घालून विकायला काढलंय, ते मला खटकतं.

बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन या जिवाणूच्या विषापासून केलेलं, स्नायू सैल पाडणारं इंजेक्शन. त्याच्याशी माझं वैर नाही. हे औषध मुळात सुरकुत्यांसाठी आलंच नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरलं. अमेरिकेत १९८९ साली पहिली मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मंजुरी मिळायला २००२ उजाडलं.

माझा आक्षेप क्रमाला आहे. झोपेत दात खाण्याचं मूळ जबड्यात नसतं, मेंदूत असतं. इंजेक्शन देतात गालातल्या मॅसेटर स्नायूत. तिथे चेतातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप्या रसायन सुटणं थांबतं आणि स्नायूपर्यंत हुकूमच पोचत नाही. म्हणजे दात खाणं चालूच राहतं, त्यातला जोर तेवढा उतरतो. तीन-चार महिन्यांनी जोर परत, इंजेक्शन परत, बिल परत. रात्री घोरता का, झोपेत श्वास अडतो का, नैराश्याची गोळी सुरू आहे का, हे कोण विचारणार? एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी काहींना दात खाण्याचा त्रास सुरू होतो, हे तरी त्या खुर्चीवर सांगितलं जातं का?

आधी ही चौकशी, मग नाइट गार्ड (झोपताना दातांवर चढवायचं कवच), जबड्याचे व्यायाम. एवढ्यानं नाहीच भागलं तर इंजेक्शन.

डॉ_दाढेकर

मी कोल्हापुरात दातांचा दवाखाना चालवतो. फलकाबद्दल तुमच्याशी सहमत, बाकी बऱ्याच गोष्टींत नाही.

'फक्त जोर कमी होतो' असं तुम्ही म्हणता, पण दाढ तडकते ती जोरानेच. कॅप फुटते, इम्प्लांट निसटतं, सकाळी कानशिलं ठणकतात, तेही जोरामुळेच. मेंदूतलं मूळ काढायचं औषध अजून कोणाच्याच हातात नाही. नाइट गार्डसुद्धा मूळ काढत नाही. तो दात वाचवतो, आणि काही जण महिनाभरात त्याचाही भुगा करून आणतात. अशांना काय सांगू, पुन्हा व्यायाम करा?

आणि ही टोचणी आंधळी नसते. पेशंटला दात घट्ट आवळायला सांगतो, बोटांखाली स्नायूचा गोळा टम्म वर येतो, तो पेन्सिलने आखून घेतो. कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ. तिच्या खाली आणि जबड्याच्या कडेच्या वर राहायचं, स्नायूच्या पुढच्या कडेपासून सेंटिमीटरभर मागे. त्याच्या पुढे गेलात तर हसू ओढणारा स्नायू लुळा पडतो आणि माणूस वाकडं हसतो. हा नकाशा आम्ही पहिल्या वर्षापासून गिरवलेला असतो.

चिक्की_खाणारी

पेशंट म्हणून लिहिते. माझी खालची दाढ उभी चिरली, रूट कॅनॉल करूनही वाचली नाही, काढावी लागली. गार्ड होता, पण झोपेत मीच काढून उशीखाली ठेवायचे. नंतर इंजेक्शन घेतलं. पहिल्या आठवड्यात फारसा फरक नव्हता, नंतर सकाळची डोकेदुखी गेली. सुरुवातीला भाकरी नि सुकं मटण चावताना जबडा लवकर दमायचा, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तरी पुन्हा घेईन. रेवतीताई, तुमची उपायांची उतरंड कागदावर छान आहे, पण ती उतरेपर्यंत माझी एक दाढ गेली.

त्वचाविद्या

मी त्वचारोगतज्ज्ञ. दाढेकरांनी नकाशा सांगितला, आता औषधाचंही बोलू. युनिट हे डोसचं माप, पण एका ब्रँडचं युनिट म्हणजे दुसऱ्याचं युनिट नव्हे. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचा आकडा बोटॉक्सच्या हिशेबाने भरला की गणित चुकलंच. औषध पूड म्हणून येतं; १०० युनिटच्या बाटलीत अडीच मिली सलाइन घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात. पाच मिली घातलं तर २. पेशंटला सिरिंज दिसते, आतलं पाणी दिसत नाही. आपल्यासमोर बाटली उघडायला सांगा, ब्रँड आणि युनिट केसपेपरवर लिहून घ्या.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर दमण्याचा विकार) असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना देत नाहीत. जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक सुरू असेल तर आधी सांगावं, त्याने असर वाढू शकतो.

आणि दंतवैद्य म्हणजे नेमका कोण? ओरल सर्जरीत एमडीएस ही पदव्युत्तर पदवी केलेला सर्जन वेगळा, शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीला टांगणारा वेगळा.

डॉ_दाढेकर

कार्यशाळेतून शिकलेले त्वचावालेही पुष्कळ आहेत, डॉक्टर. ते असू द्या. केसपेपरचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

मुलुंडची_मिनू

मी दात खात नाही. मला चौकोनी जबडा आवडत नव्हता म्हणून मॅसेटरमध्ये घेतलं, चेहरा बारीक झाला, मी खूश. स्वतःच्या पैशाने घेतलं. आजारी असल्याचं नाटक केलं तरच इंजेक्शन मिळणार का?

रेवती_ठाणेकर

नाही मिनू, उलट तू सरळ सांगून घेतलंस ते बरं. माझं भांडण दुखण्याच्या नावाखाली चेहरा विकणाऱ्यांशी आहे. फक्त एक सांगते. स्नायू वारंवार झोपवला की तो बारीक होतो, आणि त्याचा ताण ज्या हाडावर पडायचा ते हाडही कमी घनतेचं होतं, असं सशांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांतले निष्कर्ष एकसारखे नाहीत. पंचविशीत सुरू करून दर चार महिन्यांनी घेणार असशील तर डॉक्टरला हे विचार.

गमभन_पुणे

विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात, इथे लोक पैसे मोजून घेतायत. :)

गंभीर प्रश्न: बायकोच्या हसण्यात वरच्या हिरड्या फार दिसतात. एकाने ओठ वर खेचणाऱ्या स्नायूंत बोटॉक्स सुचवलंय. हे उपचारात धरायचं की शृंगारात?

डॉ_दाढेकर

शृंगारातच, पण बिघडलं काय? नाकपुडीच्या बाजूला दोन्हीकडे थोडीशी युनिटं जातात, ओठ कमी वर चढतो. आधी मात्र कारण शोधा. दात हिरडीत दडलेले असतील तर हिरडी छाटून काम होतं, आणि ते कायमचं. वरचा जबडाच लांब असेल तर शस्त्रक्रियेचा विषय. ती नको असणाऱ्यांना इंजेक्शनचा पर्याय आहे. आवडलं नाही तर काही महिन्यांत ओठ पूर्ववत. डोस जास्त झाला तर ओठ लोंबतो आणि तेवढे महिने तसंच राहावं लागतं.

रेवती_ठाणेकर

हे उत्तर मला पटलं. कारण आधी शोधलं, सुई नंतर आली. दात खाण्याच्या बाबतीत मी हेच म्हणत होते.

डॉ_दाढेकर

ज्याची दाढ आज तडकतेय त्याला झोपेच्या तपासणीची तारीख मिळेपर्यंत थांबवू? मी दोन्ही एकदम करीन. क्रम तुमचा तुम्हाला.

सातारी_कंदी

उशिरा लिहितोय. वडिलांना पार्किन्सन आहे, लाळ सतत गळते, दोन-तीन शर्ट बदलावे लागतात. लाळग्रंथीत हेच इंजेक्शन देतात असं ऐकलं. खरं का?

डॉ_दाढेकर

खरं आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये बोट्युलिनम टॉक्सिनच्या एका ब्रँडला जुनाट लाळगळतीसाठी रीतसर मंजुरी मिळाली. कानापुढच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथींत देतात, सोनोग्राफीत बघून दिलं तर उत्तम. न्यूरॉलॉजिस्टला विचारा, त्यांना गिळायला त्रास होतो का तेही आवर्जून सांगा. इंजेक्शननंतर तोंड कोरडं पडलं तर दात पटापट किडतात, म्हणून आधी दात तपासून घ्या आणि फ्लोराइडची पेस्ट सुरू करा. कवळी असेल तर कोरड्या तोंडात ती घासते, तीही दाखवून घ्या.