पहिलंच पुस्तक म्हणून रुडिन? मला तरी पटत नाही

मांडवीपार

मुलगी इथे बडोद्यातच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. दिवाळीनंतर कुणीतरी तिला सांगितलं, पुढे चांगल्या ठिकाणी एम.एस्सी. करायची असेल तर रुडिन करून टाक. म्हणजे वॉल्टर रुडिनचं 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल ॲनालिसिस'. ॲनालिसिस म्हणजे कॅल्क्युलसची काटेकोर, सिद्धतांची बाजू. साडेतीनशे पानांच्या आतलं पुस्तक, आणि त्यात वास्तव संख्यांपासून लेबेगच्या इंटिग्रलपर्यंत सगळं बसवलेलं. 'करून टाक' म्हणजे जणू दळण आणून टाक!

तीन आठवडे झाले, पोरगी दुसऱ्या पानावर आहे. अतिशयोक्ती नाही, खरंच दुसऱ्या पानावर.

तिथे असं आहे. √२ हा अपूर्णांक नाही हे आधी दाखवलंय, ते शाळेतलंच. मग म्हणणं असं की ज्या अपूर्णांकांचा वर्ग २ पेक्षा कमी, त्यांच्यात सर्वांत मोठा असा कुणी नाही. कुठलाही प घ्या, त्याहून मोठा पण वर्ग २ च्या आतच राहणारा क देतो. कसा? तर

क = प − (प² − २) ÷ (प + २)

आणि सोपं रूप दिलं की क² − २ = २(प² − २) ÷ (प + २)². झालं. संपलं.

पोरगी म्हणते, बाबा, हा प + २ कुठून आला? मी पण गणितातच बी.एस्सी., १९९१ चा, आता कारखान्यात मीटर-व्हॉल्व्ह बघतो. रात्री जेवण झाल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. १ टाकला, ४/३ आला. ४/३ टाकला, ७/५ आला. मग २४/१७, मग ४१/२९. ४१/२९ चा वर्ग १.९९८८. चालतंय झकास. पण का चालतंय, हे पुस्तक सांगत नाही आणि मलाही सांगता आलं नाही.

माझं मत असं. या पुस्तकातली सिद्धता तपासता येते, सुचत कशी ते कळत नाही. ज्याला विषय आधीच येतो त्याला ते सुंदर वाटणारच. नव्या मुलाला मात्र आपण ढ आहोत एवढंच त्यातून कळतं.

अर्धविवृत

काका, सपशेल असहमत. (पीएच.डी. करतोय, त्यामुळे पक्षपाती समजा.)

एक तर पुस्तक कुणासाठी आहे ते प्रस्तावनेतच लिहिलंय: पदवीच्या वरच्या वर्गातली किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची गणिताची मुलं. पहिली आवृत्ती १९५३ ची; ती लिहायला घेतली तेव्हा रुडिन एमआयटीत शिकवत होता, समोर तशीच मुलं होती. तुमचं भांडण पुस्तकाशी नाही, 'करून टाक' म्हणणाऱ्याशी आहे.

दुसरं म्हणजे, त्या मोकळ्या जागा मुद्दाम आहेत. आपण गाइडमधल्या सोडवलेल्या उदाहरणांवर वाढलेली पोरं. प्रत्येक ओळीखाली 'कारण' लिहिलेलं हवं असतं. मी एका हिवाळ्यात युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत बसून दुसऱ्या प्रकरणाची अकरा पानं वाचली, वही भरली एकशेवीस पानांची. ती वही म्हणजे माझं ॲनालिसिस. कुणी ते आयतं छापून दिलं असतं तर चार दिवसांत वाचून चार दिवसांत विसरलो असतो.

तुमची मुलगी तीन आठवडे एका प्रश्नावर अडून आहे, ही तक्रार आहे की कौतुक?

रावपुरा_क्लासवाला

अर्धविवृतभाऊ, तुमच्यासारखा एक वही भरतो, ते ऐकू येतं. बाकीचे नऊ जण विषयच सोडतात, ते इथे लिहायला येत नाहीत.

मी आयआयटी-जॅमची, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची बॅच घेतो. दरवर्षी दोन-तीन मुलं रुडिन 'झालेली' येतात. कॉम्पॅक्ट म्हणजे काय विचारलं की पोपटासारखं: प्रत्येक ओपन कव्हरला सांत सबकव्हर असतं (संच झाकणाऱ्या तुकड्यांतले मोजकेच पुरतात). छान. मग विचारतो, ० ते १, टोकं वगळून, हा संच कॉम्पॅक्ट आहे का? नाही सर. का नाही? इथे पंख्याकडे बघायला लागतात.

मग मी फळ्यावर रेघ काढतो आणि सांगतो, या रेघेवर चादरी टाकायच्या. पहिली १/२ पासून १ पर्यंत, दुसरी १/३ पासून १ पर्यंत, तिसरी १/४ पासून. सगळ्या मिळून रेघ पूर्ण झाकतात, कारण कुठलाही बिंदू घ्या, शून्यापासून थोडा तरी लांब आहेच. आता यातल्या फक्त शंभर चादरी ठेवा, बाकीच्या उचला. शून्याजवळ उघडं पडलं ना? हजार ठेवा, तरी उघडंच. दहा मिनिटांत चेहरे बदलतात. ही दहा मिनिटं त्या पुस्तकात नाहीत. व्याख्या आली की प्रमेयांची रांग सुरू, आणि चित्रं म्हणाल तर जवळजवळ नाहीतच.

ती व्याख्या काही आभाळातून पडली नव्हती. हाइनेनं १८७२ मध्ये युनिफॉर्म कंटिन्युइटीचं प्रमेय छापलं, बोरेलचं कव्हरवालं प्रमेय १८९५ चं, फ्रेशेनं 'कॉम्पॅक्ट' शब्द १९०६ च्या प्रबंधात वापरला. चौतीस वर्षं मोठमोठे लोक चाचपडत होते. तेच एकोणीस वर्षांच्या पोराला एका ओळीत देऊन 'पुढे चला' म्हणायचं?

आणि खुद्द रुडिननंच माघार घेतलीय, हे त्याचे भक्त सांगत नाहीत. आधी डेडेकिंडचे कट, म्हणजे अपूर्णांकांपासून वास्तव संख्या बांधायची रीत, अगदी सुरुवातीलाच होते. १९७६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते पहिल्या प्रकरणाच्या परिशिष्टात ढकलले, आणि प्रस्तावनेत कबूल केलं की तर्काला धरून असलं तरी शिकवण्याच्या दृष्टीने तिथून सुरुवात करणं बरोबर नाही.

अर्धविवृत

मग हे त्याच्या बाजूनेच झालं की. तेवीस वर्षं शिकवून जे जड गेलं ते हलवलं. बाकीचं हलवलं नाही, म्हणजे ते विचार करूनच ठेवलं.

तुमची चादरींची गोष्ट फक्कड आहे. पण ती ऐकून मूल म्हणतं 'समजलं', आणि तिथेच गडबड होते. कोशीसारखा मोठा गणिती १८२१ मध्ये लिहून गेला की कंटिन्युअस, म्हणजे कुठेही न तुटणाऱ्या फंक्शनांची श्रेणी अभिसारी असली की बेरीजही कंटिन्युअस. दिसायला किती सरळ! पाच वर्षांनी आबेलनं साइनच्या श्रेणीचं उदाहरण दाखवलं, तिथे बेरीज तुटते. 'चित्र दिसलं' यावर विसंबू नये म्हणून तर हा विषय जन्माला आला.

कमाटीबाग_सकाळ

आमच्या वेळी शांतिनारायणचं पुस्तक होतं. रडलोही नाही, कळलंही नाही.

निवृत्त_एप्सिलॉन

सगळ्यांचं वाचलं. चौतीस वर्षं शिकवलं, आता सकाळी सुरसागरला फेरी आणि संध्याकाळी हा उद्योग.

मांडवीपार, तुमच्या मुलीला उत्तर देऊ नका, कागद-पट्टी द्या. तुम्हाला मात्र सांगतो.

य = क्ष² − २ हा पॅराबोला काढा. तो आडव्या अक्षाला उजवीकडे जिथे छेदतो तिथे √२. आता वक्रावर दोन बिंदू घ्या. एक तुमचा प, तिथली उंची प² − २. दुसरा क्ष = २ वर, तिथली उंचीही २. दोघांना पट्टीने जोडा. रेषेचा चढ काढा: वर (२ − प² + २), म्हणजे ४ − प², खाली २ − प. भागाकार? प + २. हाच तो आगंतुक! ही रेषा आडव्या अक्षाला जिथे भेटते तो तुमचा क.

वक्र वाटीसारखा आहे, म्हणून दोन बिंदूंमधली जीवा त्याच्या वरून जाते. त्यामुळे डावीकडून निघालात तर ती √२ च्या अलीकडेच अक्षाला भेटते, ओलांडत नाही. 'मोठा, पण तरी आतच' हे सगळं त्या एका रेषेत आहे.

हे मला कुणी शिकवलं नाही. कितीतरी वर्षं मीही फळ्यावर ते सूत्र तसंच लिहून पुढे जात होतो, मुलंही गुपचूप उतरवून घेत होती. एकदा रेषा काढत समीकरणाच्या उत्तराजवळ जायची न्यूटनची रीत शिकवताना हात थबकला. तेव्हा रुडिनचा राग आला, खरं सांगतो. एक वाक्य लिहिलं असतं तर काय शाई संपली असती?

पण बडोद्याच्या माणसानं छापील पानाकडून किती मागावं? १८८६ साली मौलाबक्षांनी इथे गायनशाळा काढली, स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली. म्हणून कुणी नुसती लिपी वाचून यमन गायला नाही. समोर बसून 'पुन्हा म्हण' म्हणणारा लागतोच. रुडिन ही स्वरलिपी आहे. लिपी चुकीची नाही, मास्तर गैरहजर आहे.

रावपुरा_क्लासवाला

सर, हेच तर! मास्तर गैरहजर असणार हे धरूनच पुस्तक निवडायला हवं. आपल्याकडे किती मुलांना 'पुन्हा म्हण' म्हणणारा मिळतो? कुमारेसन सरांनी १९९३ मध्ये गणिताच्या मुलांसाठी एमटीटीएसची उन्हाळी शिबिरं सुरू केली, तिथे शिकवणारा प्रश्नच विचारत राहतो. तिथून आलेलं मूल वेगळंच बोलतं. पण उरलेल्या वर्षभराचं काय? एकट्यानं वाचायचं असेल तर बार्टल-शेरबर्टचं पुस्तक घ्या, नाहीतर टेरेन्स टाओच्या 'ॲनालिसिस'चे दोन भाग, दिल्लीच्या हिंदुस्तान बुक एजन्सीनेच २००६ मध्ये काढलेत. टाओ थेट नैसर्गिक संख्यांपासून हात धरून नेतो.

अर्धविवृत

आणि पहिला भाग संपेपर्यंत पोरगं नातवंडांना खेळवतं.

रावपुरा_क्लासवाला

नातवंडांना तरी शिकवू शकेल. तुमचं पोरगं व्याख्या म्हणून दाखवेल.

मांडवीपार

भांडा निवांत, मी घरचा वृत्तान्त देतो.

एप्सिलॉन सरांचं ऐकलं. उत्तर दिलं नाही, फक्त 'पॅराबोला काढ आणि २ वर एक टिंब दे' एवढंच म्हणालो. शनिवारी दुपारी ती गच्चीच्या जिन्यात बसली. चारच्या चहाला आली तेव्हा रेषा सापडली होती, पण तोंड वाकडं. म्हणे, २ च का? म्हणून ३ घेतला. तरी चालतंय, फक्त हळू. मग १ घेतला, तर गंमत झाली: १, ३/२, ७/५, १७/१२. एकदा √२ च्या खाली, एकदा वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. हे तर पुस्तकाला नकोच होतं, त्याला एकाच बाजूला राहायचंय. म्हणून दुसरं टिंब √२ च्या पलीकडे हवं, आणि पलीकडचा पहिला साधा पूर्णांक २.

मला हे सुचलं नसतं, कबूल.

निवृत्त_एप्सिलॉन

शाबास! तिला विचारा, १ पासून सुरुवात केली आणि दुसरं टिंबही १ वरच, मग पट्टी ठेवली कशी? (सूत्र तिथेही चढ २ देतं. तो कशाचा चढ?)

आणि १७/१२ बघून बौधायन आठवला. शुल्बसूत्रातली √२ ची रीत: १, अधिक तिसरा हिस्सा, अधिक त्याचा चौथा हिस्सा. इथवर १७/१२ च होतात. मग त्या शेवटच्या हिश्श्याचा चौतिसावा भाग वजा केला की ५७७/४०८. तिची साखळी आणखी चार पायऱ्या चालवली की तोच येतो. करून बघू दे.

अर्धविवृत

काका, आता तरी मान्य करा. पुस्तकानं गप्प राहून तिच्याकडून हे करून घेतलं.

मांडवीपार

पुस्तक खाली बैठकीत होतं, भाऊ. मिटलेलं. त्याच्यावर चष्म्याची डबी.