करारात लवादाचे स्थान सिंगापूर मान्य करावे का?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीतील आमच्या फौंड्रीच्या करारात जर्मन खरेदीदाराने लवादाचे स्थान सिंगापूर घातले आहे. वाद झाल्यास कोल्हापुरात दाद मागता येईल का?

उत्तर १: नमस्कार. लवादाचे स्थान म्हणजे ज्या देशाची न्यायालये लवादावर देखरेख ठेवतात तो देश; म्हणून लवादाचा निवाडा रद्द करून घेण्यासाठी सिंगापूरच्याच न्यायालयात जावे लागेल; मात्र २०१५ च्या दुरुस्तीमुळे, करारात नाकारले नसल्यास, १९९६ च्या लवाद आणि सलोखा अधिनियमाच्या कलम ९ खालील अंतरिम संरक्षण (मालमत्ता विकू न देण्यासारखे तात्पुरते आदेश) भारतातही मागता येते, तेही जिल्हा न्यायालयात नव्हे, उच्च न्यायालयात.

उत्तर २: खरेदीदाराची मालमत्ता जर्मनीत असेल, तर वसुलीही तिथेच होणार, आणि परदेशी लवाद-निवाडे मान्य करण्याबाबतच्या १९५८ च्या आंतरराष्ट्रीय न्यूयॉर्क करारामुळे सिंगापूरचा निवाडा तिथे अंमलात आणता येतो. म्हणून स्थानावर अडू नका. लवाद म्हणून एकच व्यक्ती नेमण्याची अट मात्र आग्रहाने घाला, कारण तिघांचे शुल्क लहान कारखान्याला पेलत नाही.