ब्रिटनचा पंतप्रधान पक्षाच्या सभासदांनी का ठरवावा?

टेम्सकाठचे तात्या

२६ नोव्हेंबर २०२५ चं बजेट झाल्यापासून इथे ऑफिसात, ट्रेनमध्ये, आपल्या मराठी ग्रुपवर एकच विषय चाललाय, मजूर पक्षाचे पंतप्रधान स्टार्मर टिकतात का आणि गेलेच तर कोण. त्यांच्याच पक्षातल्या स्ट्रीटिंग, बर्नम यांची नावं फिरतायत (बर्नम तर बजेटच्या वेळी खासदारच नव्हते, ग्रेटर मँचेस्टरचे महापौर होते, तरी फिरतंय नाव). मला त्या नावांत रस नाही. पक्ष सत्तेत असताना नेता बदलायचा तर तो फक्त खासदारांनी बदलावा, सभासदांना मत देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

२०२२ आठवा. बोरिस गेले, हुजूर पक्षाच्या खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक १३७, ट्रस ११३, मॉर्डंट १०५. म्हणजे खासदारांची पहिली पसंती सुनक. मग पहिली दोन नावं सभासदांकडे गेली आणि ८१,३२६ मतांवर ट्रसबाई थेट पंतप्रधान! देशात मतदार साडेचार कोटींहून जास्त, आणि निर्णय केला पाऊण लाख जास्त-कमी लोकांनी, ज्यांच्यात ब्रिटिश नागरिक असण्याचीसुद्धा अट नाही. सुनक त्या उन्हाळ्यात प्रत्येक चर्चेत ओरडून सांगत होते की महागाई असताना कर्ज काढून करकपात करू नका, ऐकायला कोणी तयार नव्हतं कारण सभासदांना करकपातच ऐकायची होती. पुढचं सगळ्यांना माहितीये. २३ सप्टेंबरचं मिनी बजेट, ४५ अब्ज पौंडांची करकपात, पैसे कुठून आणणार ते सांगायचं नाही, तीन दिवसांत पौंड १.०३ डॉलरपर्यंत खाली. खासदारांवर सोडलं असतं तर हे झालंच नसतं.

लीड्सची काकू

तात्या, ट्रसबाईंना शेवटच्या दोघांत बसवलं कोणी? खासदारांनीच ना? त्या ११३ जणांचं काय? सभासदांपुढे दोनच ताटं ठेवायची आणि त्यांनी एक उचललं की म्हणायचं बघा यांना कळत नाही.

आणि खासदार फार गंभीरपणे मत देतात हा तुमचा समज २०२४ मध्येच मोडायला हवा होता. हुजूर पक्षाच्या नेतानिवडीत क्लेव्हर्ली एका फेरीत ३९ मतांनी पहिले होते, दुसऱ्याच दिवशी ३७ वर येऊन बाद! बेडनॉक ४२, जेनरिक ४१. सगळे म्हणाले की समोर कोण सोपा पडेल याचं गणित मांडत मतं इकडची तिकडे केली आणि गणित अंगाशी आलं. ही तुमची जाणकार मंडळी.

टेम्सकाठचे तात्या

काकू, क्लेव्हर्लींचा किस्सा मान्य, पण तेव्हा पक्ष विरोधात होता, पंतप्रधान निवडायचा नव्हता. सत्तेत असतानाचं उदाहरण हवं तर १९९० घ्या. थॅचरबाईंना २०४ विरुद्ध १५२ मतं पडली, नियमाने लागणारी आघाडी चार मतांनी हुकली, त्या गेल्या, खासदारांनी मेजर निवडले आणि मेजरनी १९९२ ची निवडणूक १ कोटी ४० लाख मतं घेऊन जिंकली. सभासदांना मत द्यायची ही पद्धत १९९८ ची, पक्षनेते हेग यांच्या काळातली. पहिल्याच खेपेला, २००१ मध्ये, केन क्लार्कसारखा मुरलेला माणूस सोडून डंकन स्मिथ निवडले, दोन वर्षांत खासदारांनीच त्यांना घरी पाठवलं.

अर्धी चहा

मेजर? सिरियसली? निवडणूक एप्रिल १९९२ ला जिंकली आणि १६ सप्टेंबर १९९२ ला काय झालं ते पण लिहा की. पौंड युरोपियन विनिमय व्यवस्थेत टिकवायला एका दिवसात व्याजदर १० वरून १२ केला, मग १५ जाहीर केला, आणि संध्याकाळी बाहेर पडले. पुढच्या निवडणुकीत, १९९७ ला, मजूर पक्षाच्या ब्लेअरनी धुतलं. खासदारांनी निवडलेला माणूस होता हो हा. आर्थिक घोडचूक करायला सभासदांची गरज नसते.

कोथरूडहून

आमच्याकडे सोपं आहे. दिल्लीहून निरीक्षक येतात, एका ओळीचा ठराव होतो, नाव कळतं. ना सभासद ना आमदार. बाकी चालू द्या.

स्लाव_मधला_सातारकर

सगळे ट्रसबाईंना बडवतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो, शिव्या खायची तयारी आहे.

एक तर त्या बजेटच्या आदल्या दिवशी, २२ सप्टेंबरला, बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर सव्वादोन टक्के केला आणि वर्षभरात स्वतःकडचे सरकारी रोखे ८० अब्जांनी कमी करणार असं जाहीर केलं. म्हणजे बाजारात रोख्यांचा पूर येणार हे आधीच कळलं होतं. दुसरं, पेन्शन फंडांनी एलडीआय नावाच्या प्रकारात उसनवारीवर रोखे घेऊन ठेवले होते, भाव पडले की जास्त तारण द्या, तारण द्यायला पुन्हा रोखे विका, की भाव अजून पडले. हे बाईंनी उभं केलेलं नव्हतं, नियामक झोपले होते. तिसरं, त्या बजेटमधला आयकराचा सगळ्यात वरचा ४५ टक्क्यांचा स्लॅब काढण्याचा खर्च तसा कमी, दोन अब्जांच्या आसपास, बोंब मात्र त्याचीच जास्त. घरगुती वीज-गॅसचं बिल सरासरी २,५०० पौंडांवर रोखायची योजना त्याहून कितीतरी महाग होती, तिच्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढला नाही.

आणि आता अर्थमंत्री रीव्हजबाई काय करतायत? ऑक्टोबर २०२४ मध्ये ४० अब्जांची करवाढ, मालकांचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावर भरायचा सामाजिक विमा) १३.८ वरून १५ टक्के, तोही पगाराच्या ९,१०० ऐवजी ५,००० पौंडांपासून. आमच्या ओळखीत ज्यांची छोटी हॉटेलं आहेत त्यांना विचारा भरती का थांबली ते. वर आयकराच्या १२,५७० आणि ५०,२७० पौंडांच्या मर्यादा २०२१ पासून तिथेच, आता २०३१ पर्यंत तिथेच. पगार वाढला की ४० टक्क्यांत, एक लाख ओलांडलं की दर दोन पौंडांमागे एक पौंड करमुक्त सवलत कापून प्रत्यक्षात ६० टक्के कर. या मर्यादा गोठवायला सुरुवात तुमच्या त्या शहाण्या सुनकनीच केलीये. ट्रस म्हणत होत्या की आधी वाढ हवी, वाटप नंतर, हे चूक कसं?

कर्जबाजारी क्रॉयडन

सातारकर, चूक असं की माझं गृहकर्जाचं दोन वर्षांचं फिक्स नेमकं त्या हिवाळ्यात संपत होतं. ऑक्टोबर २०२२ ला नवे दर सहा टक्क्यांच्या वर. कित्येक ऑफर्स तर रातोरात मागे घेतल्या गेल्या. तुम्ही एलडीआय म्हणा नाहीतर काय म्हणा, जळाऊ लाकूड सगळीकडे रचलेलं आहे हे माहीत असताना काडी ओढणाऱ्याला निर्दोष कसं म्हणायचं? आणि माहीत नव्हतं तर का नव्हतं? कारण ट्रेझरीचे, म्हणजे अर्थखात्याचे, सर्वात ज्येष्ठ अधिकारी टॉम स्कॉलर यांना आल्या आल्या काढलं, आणि ओबीआरचा अंदाज मागवलाच नाही. आकडे तपासायला नेमलेली संस्थाच बाजूला ठेवली की रोखे घेणारा काय समजणार? २८ सप्टेंबरला बँकेला ६५ अब्जांपर्यंत रोखे विकत घेऊ असं सांगावं लागलं, शेवटी १९ अब्जांच्या आसपास घेतले. अर्थमंत्री क्वार्टेंग ३८ दिवसांत बाहेर, नवे अर्थमंत्री हंट यांनी १७ ऑक्टोबरला जवळपास सगळं रद्द केलं, २० ला बाईंचा राजीनामा. वाढ हवी होती तर जरा दमाने घ्यायचं होतं.

स्लाव_मधला_सातारकर

दमाने घेणाऱ्यांनी गेल्या पंधरा वर्षांत किती वाढ दिली ते सांगा मग.

अर्धी चहा

तात्या आणि सातारकर दोघंही एक गोष्ट टाळतायत. आता पंतप्रधान कोण हे ना खासदार ठरवतात ना सभासद, रोखे बाजार ठरवतो. २ जुलै २०२५ ला संसदेत रीव्हजबाईंच्या डोळ्यांत पाणी दिसलं, स्टार्मरनी लगेच ठाम पाठिंबा दिला नाही, तर रोख्यांवरचं व्याज त्याच दुपारी चढलं. नोव्हेंबरला आयकर वाढवणार असं सूचित केलं, मग दहाएक दिवसांत विचार बदलला, परत व्याज चढलं. सप्टेंबरला बर्नम म्हणाले की आपण बाजाराच्या मुठीत राहायला नको, तर त्यावरूनच गहजब झाला.

मूळ दुखणं जाहीरनाम्यात आहे. मजूर पक्षाने २०२४ ला सांगून टाकलं की आयकर, नॅशनल इन्शुरन्स, व्हॅट वाढवणार नाही. ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या आणि हात आधीच बांधलेले. मग म्हाताऱ्यांचा हिवाळी भत्ता काप, ओरडा झाला की ३५,००० पर्यंत उत्पन्नवाल्यांना परत दे, शेतकऱ्यांच्या वारसाकराला हात घाल, असं किरकोळ चिमटे काढत बसायचं. इथे कॉर्बिन येवोत की स्टार्मर की अजून कोणी.

लीड्सची काकू

अर्धी चहा +१. आणि तात्या, 'खासदारांना हिशेब कळतो' म्हणता ना, जुलै २०२५ मधलं वेल्फेअर बिल बघा, सरकारी भत्त्यांत कपातीचं. वर्षाला पाचेक अब्ज वाचवायचे होते, एवढं प्रचंड बहुमत, तरी मजूर पक्षाच्याच शंभरावर खासदारांनी बंड केलं आणि बचत जवळपास शून्यावर आली. मी त्या कपातीच्या विरोधातच होते, त्यामुळे मला आनंदच झाला, पण सभासद भावनेने मत देतात आणि खासदार कॅल्क्युलेटर घेऊन बसतात हे काही खरं नाही.

टेम्सकाठचे तात्या

काकू, खासदारांचं बरोबरच असतं असं मी म्हणालोच नाही. माझा मुद्दा एवढाच की चुकलं तर खासदाराला लोकांसमोर जावं लागतं. ट्रसबाई स्वतः २०२४ ला साउथ वेस्ट नॉरफकमध्ये ६३० मतांनी पडल्या, हिशेब झाला. त्या ८१,३२६ जणांना कोणी काय विचारलं? शिवाय खासदारांचा विश्वास नसलेला नेता चालतच नाही. मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते कॉर्बिन यांना २०१६ मध्ये १७२ विरुद्ध ४० ने खासदारांनी नाकारलं, सभासदांनी परत ६१.८ टक्क्यांनी बसवलं, पुढची तीन वर्षं पक्षाची काय अवस्था होती! स्टार्मरना हटवायचं तर वीस टक्के खासदारांची सही लागेल इथवर ठीक, पण त्यानंतर परत सभासदच. सरकार चालवायचं आहे की मंडळाची कार्यकारिणी निवडायची आहे?

कर्जबाजारी क्रॉयडन

पण मग मे बाईंचं काय? २०१६ ला समोरच्या उमेदवार लेडसम यांनी माघार घेतली, सभासदांचं मतदान झालंच नाही, म्हणजे तुमच्याच पद्धतीने आल्या. २०१७ ला बहुमत घालवून ३१७ वर. गॉर्डन ब्राउन २००७ ला बिनविरोध, निवडणूक घेऊ घेऊ म्हणत त्या वर्षी शेवटी घेतलीच नाही. सुनक ऑक्टोबर २०२२ ला खासदारांच्या जोरावर, २०२४ च्या निवडणुकीत १२१ जागा. तुमच्या यादीत मेजर सोडून कोण उरतं ते सांगा, आणि मेजरांचं काय झालं ते अर्धी चहाने वर लिहिलंच आहे.